बाळंतपणासाठी माहेरी जाताना अंगणवाडीच्या आणि आरोग्याच्या सेवा सुटू नयेत म्हणून काय करावे

पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात, ओटीभरण झाले की माहेरी जाण्याची रीत महाराष्ट्रात आजही अनेक घरांत पाळली जाते. लेक माहेरी येते, पण तिचे नाव सासरच्या गावच्या अंगणवाडीत आणि उपकेंद्रातच राहते. त्यामुळे आहार, तपासणी आणि लसीकरण यांची सर्वांत जास्त गरज असलेल्या महिन्यांत ती दोन्ही गावांच्या यादीबाहेर पडते. ही गैरसोय टाळण्यासाठी घरातील एका व्यक्तीने तरी पुढील कामे वेळेवर अंगावर घ्यावीत.

गरोदरपणाची नोंद पहिल्या 12 आठवड्यांतच आशा स्वयंसेविकेमार्फत उपकेंद्रात करावी. तेथे मिळणारे माता व बाल संरक्षण कार्ड माहेरी जाताना मूळ प्रत म्हणून सोबत न्यावे. झेरॉक्स पुरत नाही, कारण माहेरच्या आरोग्यसेविकेला पुढील नोंदी त्याच कार्डावर करायच्या असतात. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी आरोग्य संस्थांत गरोदर स्त्रियांची विशेष तपासणी मोफत होते. माहेरी पोहोचल्यावर येणारी पहिली 9 तारीख चुकवू नये.

गरोदर स्त्रीला, तसेच बाळंतपणानंतर सहा महिने स्तनदा मातेला, अंगणवाडीतून पूरक पोषण आहार मिळतो. त्याचे प्रमाण दिवसाला 600 कॅलरी आणि 18 ते 20 ग्रॅम प्रथिने असे ठरलेले असून तो वर्षातून 300 दिवस द्यायचा असतो. घरपोच आहार देताना आता मोबाइलवर लाभार्थीचा चेहरा ओळखला जातो, त्यामुळे सून माहेरी असताना सासूबाईंनी तिच्या नावाचा आहार आणून ठेवणे जमत नाही. निघण्यापूर्वीच अंगणवाडी सेविकेला सांगून पोषण ट्रॅकरमधील, म्हणजे अंगणवाडीच्या लाभार्थींची नोंद ठेवणाऱ्या मोबाइल ॲपमधील नाव माहेरच्या अंगणवाडीकडे वर्ग करून घ्यावे, आणि तेथे पोहोचल्यावर आधार कार्ड घेऊन स्वतः जाऊन यावे. माहेर अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातील गावात असेल तर गरोदर स्त्रियांना आणि स्तनदा मातांना डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून एक वेळचे चौरस जेवण मिळते, त्याचीही चौकशी करावी.

माझ्या मते सर्वांत जास्त काळजी पैशांच्या योजनेची घ्यावी लागते. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या अपत्यासाठी 5000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात: गरोदरपणाची नोंद आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झाल्यावर 3000, तर बाळाच्या जन्माची नोंद आणि 14 आठवड्यांपर्यंतचे लसीकरण पूर्ण झाल्यावर 2000. दुसरे अपत्य मुलगी असेल तर 6000 रुपये एकाच वेळी मिळतात. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात आणि खाते तिच्या स्वतःच्या नावावर असावे लागते. लग्नानंतर आधारवर सासरचे नाव आणि बँकेत माहेरचे नाव राहिले असेल, तर अर्ज अडतो. लग्नापूर्वीचे जुने खाते आधारशी जोडलेले असेल तर रक्कम तिकडे जाते आणि कुटुंबाला पत्ता लागत नाही. म्हणून सातव्या महिन्याची वाट न पाहता, नोंदणी होताच बँकेत जाऊन दोन्हीकडची नावे एक करून घ्यावीत आणि आधार कोणत्या खात्याशी जोडलेले आहे ते लेखी विचारावे. या योजनेसाठी नवऱ्याचे आधार कार्ड सक्तीचे नाही, हेही लक्षात असू द्यावे.

सरकारी रुग्णालयात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे आणि ये-जा करण्यासाठी वाहन हे सर्व मोफत आहे. वाहनासाठी 102 क्रमांकावर फोन करावा.

बाळाच्या जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत, ज्या गावात किंवा शहरात जन्म झाला तेथेच होते. सासरच्या ग्रामपंचायतीत माहेरी झालेल्या जन्माची नोंद होत नाही, हे पुष्कळांना उशिरा कळते. रुग्णालयाने नोंद पाठवली आहे का, हे घरी येण्यापूर्वीच विचारावे आणि दाखला हाती घेऊनच सासरी परतावे.

बाळाला लसी जन्मतः, मग 6, 10 आणि 14 आठवड्यांनी दिल्या जातात. सव्वा महिन्यानंतर किंवा तीन महिने भरल्यावर सासरी परतणाऱ्या मातेच्या बाळाची 14 आठवड्यांची लस नेमकी परतल्यानंतर येते, आणि मातृ वंदनेचा दुसरा हप्ताही तिच्यावरच अवलंबून असतो. परतल्याच्या आठवड्यात कार्ड घेऊन सासरच्या अंगणवाडीत जावे, नाव पुन्हा वर्ग करून घ्यावे आणि पुढील लसीकरण सत्राची तारीख विचारून ठेवावी. 1 एप्रिल 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेली मुलगी असेल आणि घरात पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल, तर लेक लाडकी योजनेचा अर्जही त्याच वेळी सेविकेकडे द्यावा; उत्पन्नाची व इतर अटी पूर्ण झाल्यास जन्मानंतरचे पहिले 5000 रुपये त्यातून मिळतात.

नाव वर्ग करण्यास किंवा आहार देण्यास टाळाटाळ झाली, तर सेविकेशी वाद घालत बसू नये, कारण पुष्कळदा अडचण तिच्या हातातील नसते. आधी मुख्य सेविकेला (अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिकेला) भेटावे आणि तरीही काम न झाल्यास पंचायत समितीच्या आवारात बसणाऱ्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.