सिनेमाची पट्टी: बजेटपासून नफ्यापर्यंतचा हिशेब कसा ठेवायचा

लातूर, बीड, परभणीकडून मराठी सिनेमात पैसा घालणारे बरेच जण शेती, आडत नाहीतर बांधकामातून आलेले असतात. हिशेब त्यांना चांगला कळतो. पण आडतीवर सोयाबीन घातलं की हमाली, तोलाई वजा होऊन एकच पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, हातात पडते. सिनेमाची पट्टी थिएटर, वितरक, डिजिटल कंपनी अशा तीन-चार हातांतून येते आणि प्रत्येकानं आपली वजावट आधीच केलेली असते. कोण, कशातून, कितव्या क्रमानं वजा करतो हे करारात लिहून घेणं, ही या हिशेबातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

आधी बजेट. कथा, दिग्दर्शक आणि मुख्य कलाकारांचं मानधन एका खात्यात. शूटिंगचा खर्च दुसऱ्यात. एडिटिंग, डबिंग, डीआय (चित्राचे रंग नीट करायचं काम), संगीत तिसऱ्यात. विमा, सेन्सॉर, वकील, ऑफिस चौथ्यात. या बेरजेवर १० टक्के आकस्मिक खर्च धरा. पब्लिसिटी आणि रिलीजचा खर्च यात मिसळू नका, त्याची वही वेगळी. शूटिंगच्या खात्याला दिवसांनी भागून एका दिवसाचा खर्च काढून ठेवा. औशाजवळच्या शिवारात पावसानं दिवस वाया गेला, तर किती रुपये गेले हे त्याच संध्याकाळी कळलं पाहिजे.

शूटिंग सुरू झालं की दर आठवड्याला प्रत्येक खात्याचे चार आकडे मांडा: बजेट, दिलेले पैसे, कबूल केलेले पण न दिलेले पैसे, आणि उरलेल्या कामाचा अंदाज. समजा लाइटच्या भाड्याचं बजेट ६ लाख आहे. ३ लाख दिले, दीड लाखाचं बिल यायचंय, उरलेल्या दिवसांना सव्वादोन लाख लागतील. म्हणजे खर्च पावणेसात लाखांवर जाणार. नुसते दिलेले पैसे बघणाऱ्याला अजून ३ लाख शिल्लक दिसतात, आणि बजेट नेमकं इथंच फुटतं.

पेटी कॅशचं व्हाउचर रोजच्या रोज. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांवर रोख दिली तर तो खर्च आयकरात सहसा मान्य होत नाही. शूटिंगमध्ये शेताचं नुकसान झालं की भरपाई देताना हे हमखास घडतं. लॉजचं बिल मॅनेजरच्या नावावर घेतलं तर त्यातल्या जीएसटीचं क्रेडिट कंपनीला मिळत नाही.

आता कलेक्शन. पोस्टरवर छापतात तो बहुतेक वेळा ग्रॉस, म्हणजे कर धरून झालेल्या तिकिटविक्रीचा आकडा असतो. १७७ रुपयांच्या तिकिटात १८ टक्के दरानं २७ रुपये जीएसटी जातो, नेट उरतं १५०. निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात २००९ च्या संपानंतर जो तोडगा निघाला, त्यात पहिल्या आठवड्यात नेटच्या ५० टक्के, मग ४२.५, ३७.५ आणि पुढे ३० टक्के वाटा वितरकाकडे येतो. पहिल्या आठवड्याचे ७५ रुपये आले, वितरकाचं कमिशन १० टक्के ठरलेलं असेल तर तुमच्या बाजूला राहिले ६७ रुपये ५० पैसे. निर्मिती दीड कोटी आणि पब्लिसिटी ४० लाख असेल, तर नुसत्या थिएटरमधून भांडवल सुटायला सुमारे २ लाख ८१ हजार तिकिटं खपावी लागतात. ग्रॉस होतो जवळपास ४ कोटी ९८ लाख. तोही सगळा धंदा पहिल्याच आठवड्यात झाला तर. म्हणून १ कोटी ९० लाखांच्या सिनेमानं २ कोटींचा गल्ला केला की पैसे सुटले, असं समजू नका. एकपडदा थिएटरमध्ये भाडं, टक्केवारी किंवा एमजी (आधीच कबूल केलेली किमान रक्कम) असा वेगळा व्यवहार असतो. डिजिटल प्रोजेक्शनची फी कोण भरणार, तेही आधी ठरवा.

मराठवाड्याच्या माणसानं एक गोष्ट मुद्दाम बघावी. सिनेमाच्या धंद्याचा नकाशा अजून जुन्या संस्थानं-प्रांतांवर चालतो. मराठवाडा १९४८ साली निजामाच्या राज्यातून सुटला, पण वितरणात तो परंपरेनं ‘निजाम’ सर्किटमध्ये (वितरणाच्या विभागात) मोजतात, विदर्भ ‘सीपी-बेरार’मध्ये. ‘मुंबई सर्किट’ विकलं म्हणजे नांदेड-जालना विकलं असं होत नाही. करारात जिल्ह्यांची नावं लिहा.

नफ्यातला टक्का कबूल करताना किंवा घेताना ‘नफा’ शब्दाची व्याख्या मागा. हॉलीवूडचे स्टुडिओ सिनेमाच्या खात्यावर स्वतःची वितरण फी, ऑफिसखर्च म्हणून निर्मितीवर ठरावीक टक्के आणि गुंतवणुकीवर व्याज लावतात. त्यामुळे प्रचंड चाललेला सिनेमाही कागदावर तोट्यात राहतो. लेखक आर्ट बुकवाल्ड यांच्या खटल्यात पॅरामाउंटच्या अशा करारातली काही कलमं कॅलिफोर्नियातल्या न्यायालयानं १९९० साली अन्याय्य ठरवली. आपल्याकडे वितरक आधी कमिशन घेतो की आधी पब्लिसिटी वसूल करतो, एमजीवरचा ओव्हरफ्लो, म्हणजे त्यावर आलेली जादा रक्कम, कशी वाटायची, थिएटरचे डीसीआर, म्हणजे रोजच्या कलेक्शनचे तक्ते, तुम्हाला दाखवणार का, वह्या तपासायचा हक्क किती वर्षं, एवढं कागदावर हवंच.

वर्षअखेरीला खर्च उत्पन्नाच्या प्रमाणात उतरवायची अमेरिकी स्टुडिओंची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. दहा वर्षांत अडीच कोटी येतील असा अंदाज आहे आणि पहिल्या वर्षी पावणेदोन कोटी, म्हणजे ७० टक्के आले, तर दीड कोटीतले १ कोटी ५ लाख त्या वर्षीचा खर्च. पब्लिसिटीचे ४० लाख मात्र झाले तेव्हाच पूर्ण खर्ची पडतात. राहिला ३० लाख नफा. अंदाज फुगवला की पहिल्या वर्षीचा नफा फुगतो आणि पुढे तोटा अंगावर येतो.

आपल्या आयकर नियम १९६२ मधला ९अ, म्हणजे सिनेमाचा निर्मितीखर्च करात कधी वजा होतो हे सांगणारा नियम, वेगळा आहे. स्वतः रिलीज केलेला सिनेमा ३१ मार्चच्या किमान ९० दिवस आधी लागला, तर निर्मितीखर्च त्याच वर्षी पूर्ण वजा होतो. उशिरा लागला तर त्या वर्षी आलेल्या रकमेइतकाच, बाकी पुढच्या वर्षी. म्हणून फेब्रुवारीतल्या रिलीजचा कर आधी सीएकडून काढून घ्या, आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यातले कलम-क्रमांकही त्यांच्याकडूनच ताडून घ्या. सरकारी अनुदान उत्पन्नात दाखवलं नसेल तर ते निर्मितीखर्चातून कमी होतं. बजेटच्या जमा बाजूला ते धरू नका. बँकेत जमा झालं की त्या दिवशी लिहा.