कासवांच्या किनाऱ्यावर काम करायचंय? आधी वाळू तुडवा

प्राणिशास्त्रात बीएस्सी झाल्यावर मी एक हंगाम कोकणात कासव संवर्धनाच्या कामाला गेले. संस्था छोटी, किनारा मंडणगड-दापोलीकडचा. आता दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मुलंमुली विचारतात, "ताई, यात यायचं तर कुठला कोर्स करू?" कोर्सचं नंतर बघू. अंधारात उठून रोज सगळा किनारा चालायची तयारी आहे का, हे आधी ठरवा.

महाराष्ट्रात या कामाची घडी बसवली ती चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने. भाऊ काटदरे यांनी १९९२ मध्ये सुरू केलेली ही संस्था. २००२ मध्ये समुद्री गरुडाची पाहणी करताना त्यांच्या लोकांना वेळासच्या किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली आणि तिथून काम सुरू झालं. २००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरतो. पिल्लं समुद्राकडे जाताना बघायला आलेले पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात, तिथेच जेवतात. कासव जगलं तर चार पैसे घरात येतात, हे गावाला कुणी पटवून द्यावं लागत नाही.

आपल्याकडे येणारी मादी ऑलिव्ह रिडले जातीची. रात्री येते, दीड-एक फुटाचा खड्डा करते, शंभराच्या वर अंडी घालते, वाळू सारखी करते आणि निघून जाते. पुन्हा बघायलाही येत नाही. पहाटे आपल्याला दिसतो फक्त माग. वल्ह्यासारख्या पायांचे आळीपाळीने उमटलेले ठसे, पाण्यातून वर येणारे आणि परत पाण्यात जाणारे. माग दिसला म्हणजे घरटं सापडलं असं नाही. पहिल्या आठवड्यात मी माग दिसला की उकरायला बसायचे. माझ्याबरोबरचे कासवमित्र काका, म्हणजे घरटी राखणारे गावातलेच एक काका, मात्र आधी नुसते उभे राहायचे. मग काठी हलकेच वाळूत दाबायचे. एका जागी ती अलगद आत जायची. "हितं," एवढंच म्हणायचे.

भरतीच्या रेषेखालचं किंवा कुत्र्या-कोल्ह्यांच्या वाटेवरचं घरटं हलवून जाळीच्या कुंपणात, म्हणजे हॅचरीत, न्यावं लागतं. अंडं वाळूत ज्या बाजूने होतं त्याच बाजूने उचलायचं, फिरवायचं नाही. आत गर्भ कवचाला चिकटू लागलेला असतो, उलटलं तर तो मरतो. वाळू किती तापते यावर पिल्लू नर होणार की मादी तेही ठरतं, म्हणून नवा खड्डा मूळ खड्ड्याइतकाच खोल हवा. आणि हे सगळं वनखात्याच्या परवानगीनेच. कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, आहे, तेव्हा हौसेखातर अंड्याला हात लावू नका.

माझी मोठी चूक किनाऱ्यावर झालीच नाही, ती शाळेत झाली. मुलांपुढे बोलताना मी "अंडीचोर" हा शब्द चार-पाच वेळा वापरला. काका मागे भिंतीला टेकून उभे होते. परतताना म्हणाले, "ताई, ती काठी मी कशी शिकलो ठाऊक आहे? अंडी काढायलाच. बाप पण काढायचा. त्या पोरांतली निम्मी माझ्या भावकीतली." त्या रात्री मला झोप लागली नाही. किनाऱ्यावरचं सगळ्यात नेमकं ज्ञान ज्या माणसाकडे होतं, त्यालाच मी त्याच्या गावात, त्याच्याच नातवंडांपुढे चोर म्हणाले होते. पुढच्या शाळेत मी बोललेच नाही. काकांनी वाळू आणि काठी घेऊन मुलांना घरटं कसं लागतं ते दाखवलं. एक मुलगी म्हणाली, "माझे आजोबापण असंच शोधायचे." पर्यावरण शिक्षणात तुम्हाला काम करायचं असेल तर पोस्टर आणि स्लाइड करायला शिका, पण गावात गेल्यावर पहिला महिना ऐकण्यात घालवा.

बाकी तयारीचं थोडक्यात. प्राणिशास्त्र, पर्यावरणशास्त्र, समाजकार्य, काहीही चालतं. नोंदी मात्र चोख हव्यात. घरटं कधी सापडलं, अंडी किती, पिल्लं कधी निघाली, किती अंडी फुटलीच नाहीत. पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, तेव्हा घरट्यावर पालथी घातलेली टोपली सकाळ-संध्याकाळ उचलून बघावी लागते. समुद्राकडे ती स्वतः चालत जातात, त्यांना उचलून पाण्यात सोडायचं नाही. त्या वेळी पाहुण्यांना दोरीमागे ठेवणं आणि मोबाइलचे दिवे बंद करायला लावणं हेही तुमचंच काम. मानधन जेमतेम असतं, म्हणून घरी आधी स्पष्ट बोलून घ्या.

संस्थांना पत्र पाठवायचं असेल तर ऑक्टोबरच्या आत पाठवा. एकदा घरटी लागायला लागली की पत्रं वाचायला तिथे कुणी बसलेलं नसतं.