स्क्रीनवर ‘युरेनियम’ उमटलं, तरी थांबा

इंदुरात फिजिक्स करणाऱ्यांना ‘कॅट’ (आताचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) म्हटलं की लेसर आणि इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन आठवतो. हातात धरून नेता येणाऱ्या गॅमा स्पेक्ट्रोमीटरकडे, म्हणजे गॅमा किरणांची ऊर्जा मोजून किरणोत्सारी पदार्थ ओळखणाऱ्या यंत्राकडे, फार थोडे वळतात. तुम्ही वळला असाल, तर कॅलिब्रेशन, हाफ-लाइफ वगैरे येतं असं धरतो आणि एकाच जागेबद्दल लिहितो. माझी उमेद तिथेच खचली होती.

ती जागा म्हणजे ऊर्जेच्या आलेखावरची १८६ केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट). युरेनियम-२३५ ची ठळक रेषा १८५.७ वर, रेडियम-२२६ ची १८६.२ वर. सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर सोडा, त्याहून बारकाईने बघणाऱ्या सीझेडटीलाही (कॅडमियम-झिंक-टेल्युराइड) ही दोन वेगळी काढता येत नाहीत. लॅबमधला थंड केलेला जर्मेनियम डिटेक्टरसुद्धा एकच पीक (आलेखातलं टोक) दाखवतो. म्हणून यंत्राने दिलेल्या नावावर अहवाल लिहूच नका. आधी ३५२ आणि ६०९ केईव्हीला बघा. रेडियमपासून पुढे तयार होणाऱ्या शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ च्या या रेषा ठळक असतील, तर १८६ मध्ये रेडियमचा वाटा आहे. खनिजात तो निम्म्याहून जास्त असतो. शुद्ध केलेल्या युरेनियमात रेडियम उरत नाही. ते पुन्हा साठायला हजारो वर्षं लागतात, कारण वाटेत सुमारे ७५ हजार वर्षं हाफ-लाइफचं (निम्मं उरायला लागणारा काळ) थोरियम-२३० आहे. अशा शुद्ध युरेनियमात १००१ केईव्हीची रेषा शोधा, ती युरेनियम-२३८ च्या साखळीतली.

आता खरी गोम. शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ रेडॉन वायूमुळे हवेतही असतात, आणि पावसाची सर त्यांना जमिनीवर उतरवते. सकाळी कोरड्यात घेतलेलं बॅकग्राउंड (परिसरातल्या नेहमीच्या किरणांचं मोजमाप) दुपारच्या सरीनंतर वजा केलंत, तर नसलेलं रेडियम दिसेल. या दोघांची हाफ-लाइफ २७ आणि २० मिनिटं. दोन-तीन तास थांबा, नाहीतर जागेवरच नवं बॅकग्राउंड घ्या. मे महिन्यात उन्हाने सोडियम आयोडाइडच्या आलेखातली टोकं जागेवरून सरकतात, तेव्हा सीझियमची ६६२ ची रेषा पुन्हा पुन्हा तपासा.

पहिल्याच दिवशी हातात यंत्र देणारा गाइड मला पटत नाही. ग्राफ पेपरवर पीक काढायला लावणाऱ्याकडे जा, तो कितीही खडूस असो. गणित कच्चं आहे म्हणून मागे फिरू नका, नजर सवयीने बसते, अगदी नक्की बसते. सरावाला सोर्स (किरणोत्सारी नमुना) मिळत नसेल तर खताच्या दुकानातून पोटॅश आणा. पोटॅशियम-४० ची १४६१ ची रेषा त्यात हमखास सापडते.