महापौर नव्हे, पक्षसचिव विचारा

राज्यशास्त्रात एमए झालेल्यांना मुंबईत वाटतात त्यापेक्षा जास्त वाटा आहेत. बँकांमध्ये देशांची जोखीम तपासणारे विभाग आहेत, बीकेसीतल्या सल्लागार कंपन्या आहेत, वृत्तसंस्था आहेत, आणि आयातदारांना बाजाराची खबर पुरवणारी लहान लहान ऑफिसंही आहेत. मी कलिनाला, मुंबई विद्यापीठात शिकले, थोडी वर्षं यूपीएससीत घालवली आणि शेवटी अशाच एका लहान ऑफिसात लागले. आमची गिऱ्हाइकं म्हणजे रंग-रसायनांचे व्यापारी, बरेचसे मस्जिद बंदरचे. त्यामुळे चीन वाट्याला आला, व्हिएतनाम नंतर.

नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात एकच काम करतो. त्या देशाचं संविधान उघडायचं आणि राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान, संसद, न्यायालय असा तक्ता काढायचा. तक्त्यात चूक काहीच नसते, फक्त निर्णय कुठे होतो ते त्यातून कळत नाही. एकाच पक्षाची सत्ता असलेल्या या देशांत तो आधी पक्षात होतो. म्हणून मी नव्या मुलांना वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला सांगते: डावीकडे पक्ष, उजवीकडे शासन.

डावा रकाना आधी भरा. चिनी कम्युनिस्ट पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन पाच वर्षांतून एकदा भरतं. ऑक्टोबर २०२२मध्ये विसावं झालं. त्यातून २०५ पूर्ण आणि १७१ पर्यायी सदस्यांची केंद्रीय समिती निघाली, तिच्यातून २४ जणांचा पॉलिटब्यूरो, म्हणजे पक्षाचं वरचं निर्णयमंडळ, आणि त्यातून सात जणांची स्थायी समिती. कागदावर खालचे वरच्यांना निवडतात. प्रत्यक्षात वरचे आधी ठरवतात आणि खाली हात वर होतात. उजव्या रकान्यात राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभा येते. सुमारे तीन हजार सदस्य, आणि पूर्ण बैठक वर्षातून एकदाच, मार्चमध्ये, एक-दोन आठवडे. एरवीचं काम तिची स्थायी समिती बघते. सरकार म्हणजे राज्य परिषद, तिचे प्रमुख पंतप्रधान.

आता नावं लिहा. शी जिनपिंग डावीकडे सरचिटणीस, उजवीकडे राष्ट्राध्यक्ष. मार्च २०२३मध्ये लोकप्रतिनिधी सभेने त्यांना २,९५२ विरुद्ध शून्य मतांनी राष्ट्राध्यक्ष निवडलं, तेव्हा डावीकडचा प्रश्न मिटून पाच महिने झाले होते. पण केवळ पदं मोजूनही भागत नाही. १९८०च्या दशकात सगळं जग ज्यांना चीनचे सर्वोच्च नेते म्हणत होतं ते देंग शियाओपिंग तेव्हा राष्ट्राध्यक्ष नव्हते, पंतप्रधान नव्हते आणि पक्षाचे सरचिटणीसही नव्हते. केंद्रीय लष्करी आयोगाचं अध्यक्षपद मात्र १९८१ ते १९८९ त्यांच्याकडेच होतं.

या आयोगावरून आठवलं. चीनचं सैन्य पक्षाचं आहे आणि या आयोगाच्या हुकमात चालतं. संरक्षणमंत्री बहुतांशी परदेशी पाहुण्यांना भेटण्यापुरते. डिसेंबर २०२३मध्ये त्या पदावर आलेल्या दोंग जुन यांना तर आयोगावर घेतलंच नाही. आपल्या वर्तमानपत्रांत दोन्ही देशांच्या संरक्षणमंत्र्यांचा फोटो येतो, शेजारी शेजारी, सारख्याच उंचीच्या खुर्च्यांवर. खुर्च्या सारख्या आहेत, अधिकार नाही.

शहरांचा कारभार हा माझा आवडता भाग, आणि मुंबईकराला तो चटकन कळतो. आपल्याकडे महापौरांना मान असतो, पण महापालिकेच्या फाइली आयुक्तांकडे जातात आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. मार्च २०२२नंतर तर कित्येक वर्षं सभागृहच नव्हतं, प्रशासक म्हणून आयुक्तच सगळं बघत होते. शांघायलाही महापौर असतो आणि त्याच्या वर एक माणूस असतो: शहराच्या पक्षसमितीचा सचिव. तुलना इथेच सोडा. आपले आयुक्त ज्यांच्या हाताखाली असतात ते सरकार मतदार पाडू शकतात. शांघायच्या सचिवाला बीजिंग नेमतं आणि बीजिंगच हलवतं.

ऑक्टोबर २०२२च्या अखेरीची घोषणा मी अजून सरावाला देते. आशय दोन ओळींचा. ली छियांग आता शांघायचे सचिव नाहीत. छन जिनिंग शांघायच्या पक्षसमितीचे सदस्य, तिच्या स्थायी समितीचे सदस्य आणि सचिव. निर्णय पक्षाच्या केंद्रीय समितीचा. शहरात मतदान नाही, प्रचार नाही, महापौरांचा उल्लेखही नाही. महापौर होते गोंग झेंग, आणि त्यांचं पक्षातलं पद होतं उपसचिव. म्हणजे शहरातला दुसरा माणूस. ली छियांग पुढच्या मार्चमध्ये पंतप्रधान झाले आणि छन जिनिंग आले होते बीजिंगच्या महापौरपदावरून. अशा बदल्यांची सूत्रं पक्षाच्या संघटन विभागाकडे असतात. प्रांतांचे प्रमुख, मंत्री, मोठ्या सरकारी कंपन्यांचे आणि विद्यापीठांचे वरिष्ठ यांच्या नेमणुका त्याच्या हातून जातात. एवढा ताकदवान विभाग, आणि संविधानात त्याचं नाव नाही!

धंद्यात याचा उपयोग काय, तर २०१९चं सांगते. २१ मार्चला जिआंग्सू प्रांतातल्या श्यांगश्वेईच्या केमिकल पार्कमध्ये स्फोट झाला, ७८ माणसं गेली. रंगांना लागणारा कच्चा माल त्या भागातून यायचा, भाव लगेच वर गेले. आमचे फोन दिवसभर वाजत होते आणि प्रश्न एकच: ‘पार्क परत चालू कधी होणार?’ विचारणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आपलं तारापूर होतं. क्लोजर नोटीस येईल, कोणी तरी कोर्टातून स्टे आणेल, महिन्या-दोन महिन्यांनी अटी घालून परवानगी मिळेल. ऑफिसातली मुलं पर्यावरण खात्याचा आदेश शोधत बसली होती. निर्णय आला तो एप्रिलच्या सुरुवातीला, यानचेंग शहराच्या पक्षसमितीच्या स्थायी समितीच्या बैठकीतून: पार्क कायमचं बंद. तिथे प्रशासनाच्या आदेशाविरुद्ध कोर्टात जाता येतं, पक्षसमितीला मात्र कोर्टात खेचता येत नाही. ज्यांनी ती बैठक कोणाची होती हे पाहिलं, त्यांनी त्याच दिवशी दुसरा पुरवठादार शोधायला घेतला. बाकीचे सरकारी खुलाशाची वाट बघत राहिले.

हे सगळं आलं कुठून, ते समजायला सोव्हिएत काळाकडे जावंच लागतं, पण तिथे वर्ष घालवू नका. दोन गोष्टी पक्क्या करा. १९२१च्या दहाव्या अधिवेशनात लेनिनच्या पक्षाने अंतर्गत गटांवर बंदी घातली. चर्चा निर्णयापूर्वी, निर्णयानंतर सगळ्यांनी एकच बोलायचं ही लोकशाही केंद्रीकरणाची शिस्त त्यामुळे आणखी आवळली गेली. दुसरी गोष्ट, १९७७च्या सोव्हिएत संविधानाचं सहावं कलम. पक्ष ही समाजाची मार्गदर्शक शक्ती, असं त्यात लिहिलं होतं. मार्च १९९०मध्ये पक्षाची ती मक्तेदारी काढली आणि पुढच्या वर्षाअखेर देशच राहिला नाही. चीनने हा धडा गिरवलेला दिसतो. २०१८मध्ये पक्षाचं नेतृत्व थेट संविधानाच्या पहिल्या कलमात घातलं गेलं, आणि राष्ट्राध्यक्षपदाची दोन मुदतींची अट काढली ती याच दुरुस्तीत.

लालबाग-परळकडे ओळखीचे कोणी जुने कॉम्रेड असतील तर त्यांच्याकडे एक दुपार बसा. शाखा, जिल्हा समिती, सेंट्रल कमिटी, पॉलिटब्यूरो हा सांगाडा आपल्याकडच्या कम्युनिस्ट पक्षांतही थोड्याफार फरकाने तोच आहे, आणि ठराव बैठकीपूर्वीच कसा शिजतो ते पुस्तकापेक्षा ते चांगलं सांगतात. फक्त त्यांच्या हातात जिल्हाधिकाऱ्यांच्या बदल्या नव्हत्या.

नुसत्या संविधानाचा तक्ता काढणाऱ्यांच्या उलट टोकाला जाणारेही भेटतात. ‘तिथली संसद म्हणजे रबरी शिक्का, बघायचं कशाला?’ बघायचं. एप्रिल १९९२मध्ये थ्री गॉर्जेस धरणाच्या ठरावावर चिनी लोकप्रतिनिधी सभेत १७७ मतं विरोधात पडली आणि ६६४ जण तटस्थ राहिले. तिथे ही बंडाळीच म्हणायची. व्हिएतनामच्या राष्ट्रीय सभेने २०१०मध्ये सरकारने आणलेला उत्तर-दक्षिण वेगवान रेल्वेचा सुमारे ५६ अब्ज डॉलरचा प्रस्ताव चक्क नाकारला. तोही जपानी बुलेट ट्रेनचाच होता, हे आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नाही. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये सुमारे ६७ अब्जांचा नवा प्रस्ताव मंजूर झाला. व्हिएतनाममध्ये सरचिटणीस, राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान आणि राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष अशी चार पदं बराच काळ चार वेगळ्या माणसांकडे राहिली, म्हणून चीनची वही तिथे जशीच्या तशी चालत नाही. क्युबा आणि लाओस कामात क्वचितच येतात, रकाने भरून ठेवले की पुरे.

सुरुवात करणाऱ्यांनी चीनचं संविधान आणि पक्षाची घटना शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. दोन्ही इंग्रजीत फुकट मिळतात. रोज एक नेमणूक किंवा बडतर्फी घ्या, त्या माणसाची दोन्ही रकान्यांतली पदं लिहा आणि बातमीत नावं कोणत्या क्रमाने आली ते टिपा. मँडरिन येत नसलं तरी नोकरी मिळते. आली तर पगार बोलताना तुमचा आवाज मोठा असतो, कारण इंग्रजी बातमी उशिरा आणि अर्धी येते. मुलाखतीत आम्ही विचारधारेवर प्रश्न विचारत नाही. एक घोषणा पुढे ठेवतो, आणि यातल्या कोणाची सही असेल तर माल बंदरातून सुटेल, एवढंच विचारतो.