चंद्रकलेच्या घड्याळात चंद्र कसा लावावा

कोल्हापुरात महाद्वार रोडला टेबल टाकून मी बावीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय. चंद्रकलेचं, म्हणजे डायलवरच्या खिडकीत चंद्राच्या कला दाखवणारं घड्याळ आलं की भिंग डोळ्याला लावायच्या आधी मी पंचांग काढतो.

परवा आलेल्या घड्याळाची डायल गर्द निळ्या मीनाकारीची होती. सुमारे 800 अंशांच्या भट्टीतून पुन्हा पुन्हा काढलेला असा रंग पाहत बसावा वाटतो. पण केसच्या कडेला, चंद्राच्या बटणाशेजारी, सेफ्टी पिन घसरल्याचा तांबूस सोन्यावरचा ओरखडा भिंगातून लख्ख दिसत होता. ते बारीक बटण घड्याळासोबत आलेल्या काडीनंच दाबावं, नाहीतर टोक बोथट केलेल्या लाकडी काडीनं.

आधी चावी द्या. मग काटे पुढेच फिरवत साडेसहावर आणा. रात्री 8 ते पहाटे 4 या वेळेत आतले तारखेचे दाते एकमेकांत अडकलेले असतात, तेव्हा बटण दाबलं तर दाता तुटू शकतो.

आता खिडकीच्या मधोमध पूर्ण चंद्र येईपर्यंत बटण दाबा. पौर्णिमा ज्या तारखेला संपली तिथपासून आजपर्यंत जितके दिवस झाले, तितक्या वेळा पुन्हा दाबा. इथंच चूक होते. लोक तिथ्या मोजतात. तिथी कधी वीस तासांची, कधी सव्वीस तासांची. एखादीचा क्षयही होतो. खिडकीमागची चंद्राची चकती मात्र चोवीस तासांना एकच दाता सरकते. म्हणून दिवसच मोजा.

नेहमीच्या चकतीला 59 दाते आणि दोन चंद्र असतात, म्हणजे एका चंद्राला साडेएकोणतीस दिवस. खरा चांद्रमास त्याहून 44 मिनिटांनी मोठा. घड्याळ अखंड चालू राहिलं तर अडीच-पावणेतीन वर्षांत त्यातला चंद्र एक दिवस पुढे जातो. बटणानं तो मागे येत नाही. पौर्णिमेला दुसरा चंद्र वर आणून नव्यानं लावायचा. 135 दात्यांच्या यंत्रणेत हा फरक पडायला 122 वर्षं लागतात; असं काम हातात घ्यायला मिळालं की दिवस सार्थकी लागतो.

सूर्यवेळेचा काटा, म्हणजे घड्याळापेक्षा सूर्य किती मिनिटं पुढे-मागे ते दाखवणारा काटा, असेल तर उन्हात काठी रोवून तो तपासू नका. आपलं घड्याळ 82.5 रेखांशाच्या वेळेवर चालतं, कोल्हापूर 74.2 वर. तेवढ्यानंच आपली माध्यान्ह 33 मिनिटं उशिरा होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला काटा सूर्य 16 मिनिटं पुढे दाखवतो, तेव्हा इथली सावली सव्वाबाराच्या सुमारास सर्वांत आखूड होते. फेब्रुवारीच्या मध्याला पाऊण वाजता.