स्वस्त ब्रँड घेऊनही बिल उतरत नाही? या चुका टाळा

महिन्याची यादी घेऊन सुपरमार्केटात जायचं आणि एकाच फेरीत सगळा किराणा दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचा भरायचा, ही पहिली चूक आणि सगळ्यात महागात पडणारी. प्रीमिया, गुड लाइफ अशा नावांचा माल वाईट असतो असं अजिबात नाही. पण एकाच नावाखाली साखरही येते आणि तूरडाळही, आणि पाकिटं भरून देणारे वेगळे असू शकतात. ‘पॅक्ड बाय’पुढचं नाव वाचून बघा. साखर कुठलीही घेतली तरी चहा गोडच होतो. डाळीचं तसं नाही.

चौघांच्या घरात महिन्याला तीनेक किलो तूरडाळ लागते असं धरा. किलोमागे १५ रुपये वाचतात म्हणून ५ किलोची पिशवी आणली आणि डाळ जुनी निघाली. चार शिट्ट्या झाल्या तरी वर पाणी वेगळं, खाली कणी तशीच. मग आणखी चार शिट्ट्या, आणि शेवटी खायचा सोडा. सोडा घालूच नका! डाळ गळते, पण वरणाची चव बिघडते आणि बी-१ जीवनसत्त्व नासतं. आठवडाभरात घरात नेहमीची डाळ परत येते आणि ती पिशवी टोके होईपर्यंत कोपऱ्यात पडून राहते. ७५ रुपये वाचवायला जाऊन सगळ्या पिशवीचे पैसे अडकतात.

म्हणून आधी अर्धा किलोच आणा. कुकरच्या एका डब्यात नेहमीची डाळ लावा, दुसऱ्यात नवी. दोन्हींत एक वाटी डाळ, अडीच वाट्या पाणी, चिमूटभर हळद. अर्धा तास भिजवून चार शिट्ट्या करा आणि वाफ आपोआप जिरू द्या. पळीने दाबून बघा. नवी डाळ सरसकट मोडली, तरच पुढच्या महिन्यात मोठी पिशवी घ्या. एका स्वयंपाकात होणारी ही परीक्षा घाईवाले का टाळतात, कळत नाही.

दुसरी चूक तेलाची. पिशवी हातात घेतली की ती एक लिटरचीच असणार असं लोक धरून चालतात. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, पण तेवढीच दिसणारी पिशवी ८५० किंवा ७५० ग्रॅमचीही असते. समजा ८५० ग्रॅम १३८ रुपयांना आणि ९१० ग्रॅम १४५ रुपयांना आहे. सात रुपये स्वस्त दिसणारी पिशवी किलोला १६२ रुपये पडते, दुसरी १५९. पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो भाव छापलेला असतो, पण तो एमआरपीवर काढलेला. दुकानात सूट असेल तर तो आकडा उपयोगाचा नाही. मोबाइल काढा, बिलात लागणाऱ्या किमतीला ग्रॅमने भागा आणि हजाराने गुणा. ‘४० टक्के सूट’ वाचून हा हिशेब सोडू नका. एमआरपीच चढी छापली असेल, तर सूट मोठी दिसणारच.

ज्वारीचं तयार पीठ तर सोलापुरात घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. जवळच्या मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी हाताशी असताना महिनाभर पाकिटात पडलेलं पीठ कशाला? त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. थापताना कडेला चिरा पडतात, भाकरी उचलताना तुटते. ज्वारी घ्या, निवडा आणि गिरणीतून आठ-दहा दिवसांपुरतीच दळून आणा. आणलेलं पाकीट संपवायचंच असेल, तर उकळतं पाणी घालून पीठ मळा.

काळ्या तिखटाचा नेहमीचा ब्रँड बदलू नका. मीठ, साखर, फिनेल आजपासूनच दुकानाच्या ब्रँडचं घ्या. रवा-पोह्यांचं लहान पाकीट आधी. बिस्किटं स्वस्त मिळतात म्हणून चार पुडे जास्त आणले, तर ते आठवडाभरात संपतात.

शेंगदाणे घेताना पॅकिंगची तारीख बघा, लाल साल निघालेले दाणे फार दिसले तर पाकीट ठेवून द्या. घरी आणल्यावर लगेच दहा-बारा दाणे भाजून चावून बघा, कारण थोडे जरी खवट निघाले तरी कुटलेली सगळी चटणी वाया जाते. बिल मात्र तोवर जपून ठेवा.