कथकचा क्लास लावताय? पढंत आधी

मोठेपणी कथक सुरू करणाऱ्यांची तयारी कपड्यांपासून होते, ती दोन ओळींत संपवू. सुती सलवार-कुर्ता, ओढणी तिरकी घेऊन कमरेला गाठ, केस घट्ट. क्लास घराजवळचा बघा. नाशकात सिडकोतून संध्याकाळी सहाला कॉलेज रोड गाठायचा म्हणजे महिन्याभरात दांड्या सुरू. फरशी मात्र डोळ्यांनी बघून या. शहाबादी असेल तर डिसेंबरात ती बर्फ होते. पाय आधी चोळून गरम करा, आणि तळवा अख्खा सपाट पडू द्या. नुसती टाच आपटाल तर गुडघे बोलायला लागतील.

आता वही. बोल, म्हणजे नाचाची अक्षरं, लिहून घ्यायचे आणि हातावर ताल धरून तोंडाने म्हणायचे. हीच पढंत, आणि हीच सगळे टाळतात. मीही टाळली. प्रारंभिकला, म्हणजे गांधर्व महाविद्यालयाच्या पहिल्या परीक्षेला, पाय छान चालले, पण "तत्काराची दुगुन हातावर म्हणा" (म्हणजे पायांचे बोल दुप्पट लयीत) म्हटल्यावर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे गेली ते कळेना. म्हणून पुन्हा सांगते: पढंत करा.

कशी? तीनताल 16 मात्रांचा, म्हणजे ठोक्यांचा. टाळी 1, 5 आणि 13 वर, खाली, म्हणजे टाळी न देता हात उलटा करायची जागा, 9 वर. "ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्" आधी बरोबरीत, म्हणजे मात्रेला एक बोल असं, म्हणा, मग दुगुनीत. दुगुनीत तोंड दुप्पट धावतं, हाताने जागच्या लयीतच राहायचं. नेमका तिथे हात तोंडामागे पळतो आणि नवव्या मात्रेची खाली पार पुढे निघून जाते. पायांतही एक खोच आहे: चौथ्या बोलाला पाय डावा, पाचव्यालाही डावाच. तोंडात बोल पक्के नसतील तर पाय तिथे हमखास अडखळतो. सीबीएसच्या सिग्नलला रिक्षात बसल्या बसल्या मांडीवर ताल धरा, लोक बघतील, बघू देत. पढंत झाली नसेल त्या दिवशी नाचलात तरी रियाज अर्धाच झाला असं समजा.

घुंगरू लगेच नकोत, बाई सांगतील तेव्हा. दोरीत ओवलेलेच घ्या, पट्ट्यावर शिवलेले कथकला चालत नाहीत. सुरुवातीला एका पायात पन्नास पुरे, शंभराची हौस नंतर. पितळ म्हटलं की आपण भांडी बाजाराकडे वळतो, पण घुंगरू वजनावर नाही, कानाने घ्यायचे. एकेक हलवून बघा, मुका निघाला तर बदलून मागा. दोन घुंगरांमध्ये गाठ आहे ना, तेही बघा.

गांधर्वच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरात असतात. प्रारंभिकला लेखी नाही, पण सम, मात्रा, आवर्तन (तालाची एक पूर्ण फेरी), खाली यांच्या व्याख्या तोंडपाठ हव्यात. पढंत विचारतातच, मी सांगितलंय. बाकी फॉर्म, फोटो, पिना, पाणी. घुंगरू घरून बांधून निघू नका, जिना उतरताना दोरी सुटते.